‘वाचून तं पाय!’ : कुमार वाचकांच्या शिफारशी

(यवतमाळ इथल्या एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या समता मैदानावर ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं इथलं संमेलन १९७३चं, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचं. शेहेचाळीस वर्षांनी मान पुन्हा या गावाला मिळाला आणि अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावरून रान पेटलं आणि उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार पाठीवर घेतलेल्या त्या शेतकरी बाईंचं भाषण अनेकांच्या लक्षात राहिलं. या धामधुमीत एक साधी गोष्ट मात्र मागं पडली. या संमेलनाचं यजमानपद विदर्भ साहित्य संघाच्या जोडीनं यवतमाळच्या एका वाचनालयाकडे होतं: डॉ. वि. भि. कोलते ग्रंथालय व वाचनालयाकडे. आणि दुसरी गोष्ट. सहगल यांचं जे भाषण मांडवात झालंच नाही, ते मराठीत अनुवादित होऊन हातोहात फिरलं. एरवी संमेलनाकडे न फिरकणाऱ्या माणसांनीही ते वाचलं, कारण कुणीतरी त्यांना विचारलं होतं, ‘तू हे वाचलंस का?’

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे. फक्त विचारणारा पंधरा वर्षांचा आहे, आणि ज्याला विचारलं जातंय तोही तेवढाच.

हा प्रश्न या जिल्ह्यात कुठं ऐकू येतो? सभागृहात क्वचितच. सकाळी शाळेच्या वेळेला आडवाटेच्या गावांतून तालुक्याकडे निघणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमध्ये तो ऐकू येतो. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावी. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळं बसमध्ये मुलीच जास्त. कुणाच्या दप्तरात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं वाचनालयाचं पुस्तक असतं. कव्हरमुळं नाव दिसत नाही, म्हणून शेजारची विचारते, काय आहे? मग गोष्ट सांगायला सुरुवात होते आणि शेवट जवळ आला की सांगणारी अडवून धरते. ‘पहिले वीसक पानं बोअर हायेत, मंग सोडू नाई वाटत. माह्यं झालं का तुले देतो. वाचून तं पाय!’

या तीन-चार वाक्यांत पुस्तक-परिचयाचं सगळं काम झालेलं असतं. पुस्तक कुठं कंटाळवाणं आहे ते कळलं, कुठून पकड घेतं ते कळलं, ते मिळणार कसं आणि कधी तेही कळलं. मोठी माणसं मुलांना पुस्तक सांगतात तेव्हा यातलं बहुतेक गळून पडतं. आपण सांगतो की हे पुस्तक संस्कारक्षम आहे, यानं शब्दसंपत्ती वाढेल, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल. पहिली वीस पानं कंटाळवाणी आहेत हे आपण कधीच सांगत नाही. मग मूल सातव्या पानावर अडतं, आपल्यातच काही खोट आहे असं समजतं आणि पुस्तक मिटतं. मैत्रिणीनं आधीच सावध केलेलं असेल तर तीच मुलगी ती वीस पानं चिकाटीनं ओलांडते. कुमारवयीन वाचकाच्या शिफारशीचं मोल या प्रामाणिकपणात आहे, आणि शाळेनं, वाचनालयानं, पालकांनी जपायचा तोही हाच.

मराठीत मुलांपर्यंत पुस्तक पोचवण्याचा इतिहास मोठा आहे, पण त्यात देणारा हात बहुधा मोठ्या माणसाचा आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीपासून हेरला होता. एका पुस्तकानं पुढं काय घडवलं ते या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत होते. रात्री लिहायचं, सकाळी मुलांच्या हाती द्यायचं. पुढं त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही काढलं. भा. रा. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ सुरू केलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या अंगणात आणून सोडल्या आणि फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला जन्म दिला. या सगळ्यांनी मुलांवर अपार जीव लावला. तरीही दिशा एकच राहिली: वरून खाली.

उलट दिशेची एक आठवण मात्र फार जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिला बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला, तेव्हा आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं तिनं बक्षीस देणाऱ्याला सांगितलं, अशी आठवण सांगितली जाते. त्या मुलीनं स्वतःपुरतं एखादं पुस्तक मागितलं नाही. तिनं ‘आम्हाला’ म्हटलं, म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्या मुलींनाही त्यात धरलं.

आता यवतमाळचा या गोष्टीशी असलेला संबंध. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ मुख्यमंत्री होते. हरितक्रांती, संकरित ज्वारी, रोजगार हमी यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं आणि ते रास्तच आहे. पण वाचणाऱ्या मुलांच्या दृष्टीनं त्याच कारकिर्दीत आणखी तीन गोष्टी घडल्या. जानेवारी १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि १ मे १९६८पासून लागू झाला. गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि सरकारी अनुदान मिळू लागलं ते या कायद्यामुळं. आणि नोव्हेंबर १९७१मध्ये ‘किशोर’ मासिक निघालं. तांड्यावर जन्मलेल्या माणसाच्या राजवटीत पाठ्यपुस्तक, वाचनालय आणि मासिक या तिन्हींची घडी बसली, याचा या जिल्ह्याला अभिमान वाटायला हवा. ‘किशोर’चे जुने अंक आज बालभारतीनं मोफत वाचायला खुले केले आहेत. फोन हातात असलेल्या कुठल्याही मुलाला ते उघडता येतात. अडचण इतकीच की ते आहेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि तो ऐकतो ते बहुतेक वेळा शेजारी बसणाऱ्याचं.

शासनाला हे कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळांत साजरा होतो. शालेय शिक्षण विभागानं महावाचन उत्सव सुरू केला. २०२४च्या उत्सवात तिसरी ते बारावीच्या मुलांनी आवडीचं पुस्तक वाचायचं, त्यावर दीडशे ते दोनशे शब्द लिहायचे, एक मिनिटाची ध्वनिफीत किंवा चित्रफीत करायची आणि संकेतस्थळावर चढवायची, अशी आखणी होती. जानेवारी २०२५च्या पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. त्यात पुस्तक परीक्षण आणि कथनाच्या स्पर्धा होत्या. एवढ्या मोठ्या राज्यात लाखो मुलांना एकाच वेळी सांगणं की तुला आवडलेल्या पुस्तकाबद्दल तू बोल, ही लहान गोष्ट नाही. याआधी हे मुलांना कुणी इतक्या उघडपणे विचारलं नव्हतं.

पण या योजनांची वाट नीट पाहिली पाहिजे. पांढरकवड्याच्या मुलीनं लिहिलेले दोनशे शब्द वर जातात, संकेतस्थळावर जातात, परीक्षकांकडे जातात. ते तिच्याच वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतात का? ज्यानं ते वाचून पुस्तक उघडायचं, त्याच्या हाती तो कागद पडत नाही. आणि परीक्षक वाचणार म्हटल्यावर भाषाही बदलते. ‘सोडू नाई वाटत’ची जागा ‘लेखकाने ओघवत्या शैलीत’ घेते. कंटाळवाण्या पानांचा उल्लेख वगळला जातो. शेवटी बोध येतो. काही वेळा अख्खा मजकूर बाईंनी किंवा वडिलांनी, आणि आता फोनमधल्या यंत्रानं लिहिलेला असतो. यात मुलांचा दोष नाही. स्पर्धा म्हटली की मूल जिंकायला लिहितं, आणि शिफारस म्हटली की मित्राला ते पुस्तक वाचायला लावायला. पहिल्यात वाचणारा परका असतो, दुसऱ्यात तो रोज भेटणारा असतो आणि उद्या येऊन ‘काय फालतू पुस्तक दिलं बे!’ असं तोंडावर म्हणणारा असतो. ही जबाबदारी कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक आहे.

जपानमध्ये या प्रश्नावर एक सुरेख तोडगा निघाला. क्योटो विद्यापीठातल्या तादाहिरो तानिगुची या संशोधकानं २००७ साली आपल्या अभ्यासगटासाठी एक खेळ रचला. त्याला ‘बिब्लिओबॅटल’ म्हणतात. नियम मोजके. प्रत्येकानं आपल्याला आवडलेलं एक पुस्तक आणायचं. त्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. लिहून आणलेलं वाचून दाखवायचं नाही. मग दोन-तीन मिनिटं बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. सगळ्यांचं झालं की मत द्यायचं, आणि मत देताना प्रश्न एकच: यातलं कुठलं पुस्तक तुला सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतंय? जिंकतं ते पुस्तक. वक्ता किती छान बोलला याला मत नाही. हा खेळ जपानभरच्या शाळा आणि वाचनालयांत पसरला, शाळकरी मुलांच्या देशव्यापी फेऱ्या होऊ लागल्या. वक्तृत्व स्पर्धांचा महाराष्ट्राला केवढा सोस! हातवारे, पल्लेदार वाक्यं, सुरुवातीला चारोळी. त्या सवयीवर हा एक नियम चांगला उतारा आहे. अडखळत बोलणारा मुलगाही इथं बाजी मारतो, कारण त्याच्या अडखळण्यातून पुस्तकाबद्दलची ओढ दिसते.

फ्रान्समधलं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. तिथं गोंकूर हा कादंबरीचा सर्वांत मानाचा पुरस्कार. १९८८ साली रेन शहरात ‘लिसेकरांचं गोंकूर’ सुरू झालं. लिसे म्हणजे आपल्या दहावी ते बारावीच्या वयाची शाळा. दरवर्षी सुमारे दोन हजार मुलं मूळ पुरस्काराच्या पहिल्या यादीतल्या कादंबऱ्या दोनेक महिन्यांत वाचतात, वर्गात भांडतात, प्रतिनिधी निवडतात आणि आपला विजेता जाहीर करतात. ही मुलं काही वाचनवेडी म्हणून निवडलेली नसतात, अख्खा वर्गच्या वर्ग घेतला जातो. आणि या मुलांनी निवडलेली कादंबरी पुस्तकांच्या दुकानात हातोहात खपते. मोठ्या वाचकांनी मुलांच्या शिफारशीवर पैसे मोजावेत, ही आपल्याकडे अजून कल्पनाच आहे.

यवतमाळची मुलं एकमेकांना काय सांगतात, हाही प्रश्न आहेच. कुठल्याही मराठी हायस्कुलात विचारलं तर काही नावं ठरलेली येतात. ‘श्यामची आई’, ‘अग्निपंख’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’, अलीकडे ‘मन में है विश्वास’. थोडी मोठी मुलं ‘शाळा’ आणि ‘दुनियादारी’ सांगतात. या यादीकडे पाहताना एक खड्डा लगेच दिसतो. फास्टर फेणेचं वय संपतं आणि मूल एकदम कर्णाच्या रथात जाऊन बसतं. तेरा ते सतराच्या मुलांसाठी, त्यांच्या आजच्या जगण्यावर, त्यांच्या भाषेत लिहिलेल्या मराठी कादंबऱ्या फार थोड्या. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून दिला जातो. त्यातून माधुरी पुरंदरे, ल. म. कडू, संगीता बर्वे, भारत सासणे अशा लेखकांचं काम नव्यानं लोकांपुढं आलं. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’त तर एक मुलगी स्वतःच रोजनिशी लिहिते. पण ही पुस्तकं झरी जामणीच्या शाळेच्या कपाटात असतात का, हे विचारलं की उत्तर अवघड होतं.

मुलांच्या यादीतल्या आणखी एका पुस्तकावर थोडं थांबायला हवं. ते म्हणजे वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. राजहंस प्रकाशनानं १९८१ साली ते काढलं. ग्रंथपालाचं काम केलेल्या बाईनं लिहिलेलं, आणि गेली चाळीसहून अधिक वर्षं एकानं दुसऱ्याला सांगत-सांगत टिकलेलं पुस्तक. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेत गुलामीत जन्मला, आईला मुकला, दुसऱ्यांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून शिकला. एका महाविद्यालयानं प्रवेश देऊन तो काळा आहे हे दिसताच दार लावलं. १८९६ साली तो अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथं भोवताली काय होतं? कापूस आणि कापूस. वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन खंगलेली जमीन, सावकाराच्या वहीत अडकलेली कुटुंबं. कार्व्हरनं शेतकऱ्यांना चवळी, रताळी आणि भुईमूग पेरायला लावलं. मातीत जीव परत आणायचा आणि घरात खायला काही असायला हवं, एवढा साधा हिशेब. शेतकरी संस्थेत येणार नाहीत हे ओळखून १९०६पासून त्याची घोडागाडीवरची शाळाच शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊ लागली. पुढं बोंडं पोखरणाऱ्या किड्यानं दक्षिणेतला कापूस झोडपला, तेव्हा भुईमुगानं अनेकांना तारलं.

हे पुस्तक पुण्यातल्या मुलाला आवडतं ते एका जिद्दी माणसाची गोष्ट म्हणून. राळेगावच्या किंवा घाटंजीच्या मुलाला ते आवडतं त्याला आणखी एक कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं या जिल्ह्याचा कापूस खाल्ला. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन इथले शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप, डोळ्यांची आग, दवाखान्याबाहेरची गर्दी हे ज्या घरानं पाहिलं, त्या घरातल्या मुलाला बोंडातला किडा समजावून सांगावा लागत नाही. तो मित्राला पुस्तक देताना ‘हे प्रेरणादायी चरित्र आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, यात आपल्यासारखीच पऱ्हाटी आहे, अन् एका मास्तरानं काय केलं ते पाय. प्रकाशकानं छापलेल्या मलपृष्ठावर हे वाक्य कधीच येणार नाही, कारण ते इथल्याच मुलाला सुचू शकतं. शिफारस तिथल्या मातीतून यावी लागते असं जे म्हणायचं, ते याच अर्थानं.

तसंच मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांचं. टिपेश्वरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या, वाघाच्या बातम्यांत वाढलेल्या मुलांना ‘रानवाटा’ हे वर्णन वाटत नाही, ते ओळखीचं वाटतं. मोह, तेंदू, रातवा यांची नावं त्यांना आधीच ठाऊक असतात, कधी चितमपल्लींनी दिलेल्या नावापेक्षा वेगळी. पुस्तक वाचून झाल्यावर ती मुलं पुस्तकात भर घालू शकतात. अशा मुलाची शिफारस म्हणजे अर्धी टीपच असते.

एक काळजी मात्र मोकळेपणानं बोलायला हवी. मुलांच्या आपापसांतल्या शिफारशींत हल्ली यशाची गुरुकिल्ली देणारी पुस्तकं फार दिसतात: श्रीमंत कसं व्हावं, मन कसं जिंकावं, पहाटे पाचला का उठावं. बहुतेक इंग्रजीतून घाईघाईनं मराठीत आलेली. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा हीच ज्यांना बाहेर पडायची वाट दिसते, त्या मुलांना या पुस्तकांचा आधार का वाटतो हे समजण्यासारखं आहे. ती वाचू नका म्हणून काही होणार नाही, आणि म्हणूही नये. मुलाला नको असलेलं पुस्तक अर्धवट सोडण्याचा जसा हक्क आहे, तसा मोठ्यांना न रुचणारं पुस्तक मित्राला सांगण्याचाही हक्क आहे. उपाय एकच: त्याच कपाटात ‘बनगरवाडी’, ‘फकिरा’, ‘बारोमास’, ‘तोत्तोचान’ही असायला हवीत आणि ती वाचलेला एखादा तरी मुलगा वर्गात असायला हवा. दोन शिफारशी समोरासमोर आल्या की मुलं स्वतः निवड करतात. आणि त्यांची निवड अनेकदा आपल्याला चकित करते.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. या जिल्ह्यात कोलाम आहेत. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी एक. गोंड आहेत, बंजारा आहेत. घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत मराठीशी झगडायला लागतं आणि नववीत पोचेपर्यंत त्याच्या मनात एक गाठ बसलेली असते की पुस्तक म्हणजे दुसऱ्यांची भाषा. त्याला प्रमाण मराठीत दोनशे शब्द लिहायला सांगणं म्हणजे ती गाठ आणखी घट्ट करणं. पण मराठी पुस्तकातली गोष्ट त्यानं तांड्यावर गोरमाटीत सांगितली तर? तीही शिफारसच आहे, आणि बहुधा सर्वांत परिणामकारक. दिग्रसच्या आत्माराम राठोडांनी ‘तांडा’ लिहिलं, बाबाराव मडावी, भुजंग मेश्राम यांच्यासारख्यांनी आदिवासी जगणं मराठीत आणलं. याच परिसरातून आलेली ही माणसं आहेत. शंकर बडेंनी वऱ्हाडी बोलीतल्या कवितांनी खेड्यापाड्यांतली मैदानं भरवली. ज्या मुलाला आपल्या बोलीत पुस्तकाबद्दल बोलायची मुभा मिळते, त्याला आपल्या बोलीतही पुस्तक असू शकतं हे याच लेखकांकडून कळतं.

अॅम्स्टरडॅमच्या पोटमाळ्यावर लपून राहिलेल्या अॅन फ्रँकची रोजनिशी मराठीतही मुलं आवडीनं वाचतात. तिची आणखी एक वही होती. वाचलेल्या पुस्तकांतले आवडलेले उतारे ती वडिलांच्या सांगण्यावरून वेगळ्या वहीत उतरवून ठेवत असे. तिला पुस्तक सुचवायला वर्गमैत्रिणी उरल्या नव्हत्या. आपल्याकडच्या मुलांच्या सुविचारांच्या वह्या आठवाव्यात. त्या बहुतेक फळ्यावरून उतरवलेल्या असतात. वहीचं एक पान जरी स्वतः वाचलेल्या पुस्तकातल्या, स्वतःला आवडलेल्या ओळींसाठी ठेवलं आणि ती वही बाकावरून बाकावर फिरली, तर त्या वर्गाला स्वतःचं मासिक मिळालं असं समजायला हरकत नाही. अमळनेरच्या वसतिगृहातल्या दैनिकाची ती नातच ठरेल, फरक इतका की लिहिणारे गुरुजी नसतील.

आता कपाटाकडे वळू, कारण सगळं तिथं येऊन अडतं.

खेड्यातल्या बहुतेक शाळांत ग्रंथपाल नसतो. ते पद पटसंख्येवर ठरतं आणि तेवढा पट लहान गावात भरत नाही. मग कपाटाची किल्ली मराठीच्या सरांकडे किंवा कारकुनाकडे जाते. पुस्तकं हरवली तर भरून द्यावी लागतील या भीतीनं कपाट कुलपात राहतं. तपासणीच्या दिवशी ते उघडतं, पुस्तकं झटकली जातात, देवघेवीच्या रजिस्टरवर एकाच शाईनं एकाच दिवशी भरलेल्या नोंदी दिसतात. अशा शाळेत कुणी कितीही जीव तोडून पुस्तक सुचवलं तरी ऐकणाऱ्याला ते मिळत नाही, आणि दोन-तीनदा असं झालं की मुलं सुचवायचंच सोडतात. पुस्तकाची शिफारस आणि पुस्तकाची प्रत या दोन गोष्टी एकमेकींपासून दोन दिवसांच्याही अंतरावर असू नयेत.

म्हणून या व्याख्यानातून काही ठोस सूचना मांडाव्याशा वाटतात. किल्ली आठवी-नववीच्या दोन मुलांकडे द्यावी, दर महिन्याला बदलून. रजिस्टर त्यांनीच लिहावं. एखादं पुस्तक हरवलं तर ते वाचकाच्या घरी गेलं असं धरून शाळेनं ते सोडून द्यावं. दप्तरी तेवढी तरतूद करता येते. आठवड्यातला एक तास क्योटोच्या नियमानं चालवावा: पाच मिनिटं, प्रश्न, आणि कुठलं पुस्तक वाचावंसं वाटतं याचं हात वर करून मत. गुण नकोत, प्रमाणपत्र नको, छायाचित्र काढून वर पाठवणं नको. बोली कुठलीही चालेल. आणि ज्या पुस्तकाला सगळ्यात जास्त हात वर झाले, त्याच्या एकापेक्षा जास्त प्रती पुढच्या आठवड्यात कपाटात असाव्यात. तीस मुलांनी मागितलेलं पुस्तक एकाच प्रतीत असेल तर शेवटच्या मुलाचा नंबर लागेपर्यंत तो दहावी होऊन गेलेला असतो.

प्रती कुठून आणायच्या? तालुक्याच्या वाचनालयाशी शाळेचा करार करावा. अनुदानित वाचनालयांत बालविभागाची पुस्तकं असतात आणि अनेक ठिकाणी ती वर्षानुवर्षं कुणाचा हात न लागता कोरी राहतात. वीस पुस्तकांची पेटी महिनाभर शाळेत, मग दुसऱ्या शाळेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानड्यांच्या पुढाकारानं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९पासून अशाच पेट्यांवर चालवली आणि ती परदेशापर्यंत नेली. पेटीची कल्पना सिद्ध झालेली आहे. यवतमाळच्या पेटीत फक्त एक भर हवी. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, आधीच्या शाळेत ते वाचलेल्या मुलानं किंवा मुलीनं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी डकवलेली असावी. नाव लिहायची गरज नाही. गाव आणि इयत्ता पुरे. ‘नववी, मारेगाव’ असं खाली लिहिलेली चिठ्ठी उमरखेडच्या नववीला वाचायला मिळाली की दोघांमध्ये ओळख तयार होते. चिठ्ठी कुणी दुरुस्त करू नये. ऱ्हस्व-दीर्घही नाही.

दरवर्षी जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असतं, शाळेची मुलं पालखीपुढं चालतात आणि दिंडी मांडवात पोचली की त्यांना सतरंजीवर बसवून पाहुण्यांची भाषणं सुरू होतात. त्या दोन दिवसांतलं एक पूर्ण सत्र मुलांच्या शिफारशींना देता येईल. सोळा तालुके, सोळा मुलं, प्रत्येकाचं एक पुस्तक. पाच-पाच मिनिटांनी ऐंशी मिनिटं होतात, म्हणजे पाहुण्यांपैकी एकाचं भाषण कमी करावं लागेल. समोर पुस्तकविक्रेत्यांच्या गाळ्यांवर ती सोळा पुस्तकं त्या दिवशी हजर असावीत यासाठी यादी पंधरा दिवस आधी पोचवावी.

आणि वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना एक विनंती. पुढच्या खरेदीची यादी करताना तिच्यातल्या काही ओळी कोऱ्या सोडाव्यात आणि यादी जवळच्या हायस्कुलात पाठवावी. नववीच्या वर्गानं त्या ओळी भराव्यात, कुणी काय सुचवलं यावर तिथंच वाद घालावा, आणि पुस्तकं आली की गठ्ठा सोडायला त्याच मुलांना बोलवावं.